लिहिणाऱ्याचा आळशी उन्हाळा: पुस्तकं, गाणी आणि सिनेमांचा बेत खान्देशात तडीस कसा न्यावा

मार्च सरत आला की लिहिणारी मंडळी ठरवतात, यंदा मे महिन्यात काही लिहायचं नाही. नुसतं वाचायचं, ऐकायचं, बघायचं. जूनमध्ये विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: जमलं नाही. एक पुस्तक अर्धवट राहिलं, दुपारी कूलरसमोर डोळा लागला, रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर बोट फिरत राहिलं आणि वर 'लिहिलंही नाही' ही बोच. ज्याला वर्षभर शब्द खर्च करायचे आहेत, त्याला ही भर घालण्याची सुट्टी लागतेच. ती वाया जाते ती तयारीअभावी आणि क्रम चुकल्यामुळे. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, तिथं कसलाही बेत उन्हाला विचारूनच करावा लागतो. म्हणून पुढचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने घ्या.

### १. आधी तारखा, मग यादी

बेताची सुरुवात पुस्तकांपासून करू नका, कॅलेंडरपासून करा. आपल्याकडचा उन्हाळा सगळाच्या सगळा मोकळा नसतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास घर भरलेलं असतं: माहेरवाशिणी आलेल्या, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरसाची पातेली, झोक्यावरची गाणी. त्या दिवसांत पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणारा माणूस घराला नकोसा होतो, आणि ते योग्यच आहे. पुढे लग्नसराई. ज्या वर्षी अधिक महिना उन्हाळ्यात येतो, त्या वर्षी धोंड्याची जेवणंही आलीच. ७-८ जूनला मृग लागला की शेती असलेल्या घरात कुणाला सवड नसते. बागायती कपाशीवाल्यांची लगबग तर मे अखेरीलाच सुरू होते.

या सगळ्यातून जो सलग तुकडा उरेल तो धरा. दोन-अडीच आठवडे पुरेत. आठवडाभराचा बेत फसतो, कारण पहिले तीन-चार दिवस डोकं कामातून सुटण्यातच जातात. पूर्ण महिन्याचा बेतही फसतो. इतके दिवस रिकामं बसायची आपल्याला सवय नसते, मग आपणच काही ना काही काम उकरून काढतो.

सुट्टी लागण्याआधी हातातलं लेखन एक तर पूर्ण करून पाठवा, नाहीतर 'इथं थांबलो, पुढे हे यायचं आहे' अशा दोन ओळी लिहून कपाटात टाका. संपादकांना आधीच कळवा. दिवाळी अंकांची घाई पावसाळ्यात सुरू होते, त्यामुळे मे महिन्यात नाही म्हटल्याने कुणाचं अडत नाही.

तपासा: ठरवलेल्या दिवसांत तुमच्या नावावर द्यायचा एखादा मजकूर, भाषण किंवा प्रस्तावना शिल्लक आहे का? असेल तर तारीख पुढे ढकला. एक लहानशी प्रस्तावनासुद्धा अख्खी सुट्टी खाते.

### २. घरच्यांशी बोला

हा टप्पा पुरुष हमखास वगळतात. आपला आळस दुसऱ्या कुणाच्या तरी कामावर उभा असतो, आणि उन्हाळ्यात घरातल्या बायकांचं काम उलट वाढतं. पापड, कुरडया, शेवया, ज्वारीचे बिबडे हे सगळं याच दिवसांत. तेव्हा आधी विचारा: "आई, बिबडे कोणत्या दिवशी टाकायचे?" ते दिवस तुमच्या बेतातून वजा करा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे त्यातलं एक काम स्वतःकडे घ्या.

वाळवणाची राखण हे वाचणाऱ्याला शोभणारं काम आहे. सकाळी गच्चीवर धोतर-लुगडी अंथरून बिबडे पडले, की कावळे-खारी हाकलायला कुणीतरी लागतंच. जिन्याच्या सावलीत पुस्तक घेऊन बसायचं, पानागणिक एकदा मान वर करायची. बिबडे उलटायची वेळ झाली की पुस्तक मिटून ते उलटवायचे. मात्र दहा-साडेदहाला खाली उतरा. त्यापुढचं ऊन बिबड्यांना लागतं, तुम्हाला नको.

लिहिणारी बाई असेल तर तिला ही सुट्टी आपसूक मिळत नाही, मागावी लागते. मोघम 'जरा वाचत बसते' म्हणून भागत नाही. वेळ सांगून मागा: दुपारी एक ते चार माझं दार लोटलेलं असेल, चहा कुणीही टाकावा. पहिले दोन दिवस कुणी ना कुणी दार वाजवेल. उठू नका.

### ३. खोली: कूलर, हवा आणि कागद

सर्वांत जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

कूलर पाण्याच्या वाफेवर गारवा देतो. बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत येते आणि तितकीच हवा दुसरीकडून बाहेर जावी लागते. बरेच जण एसीच्या सवयीने दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवतात. तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिकतं, झोप जड होते आणि वाचन थांबतं. कूलरच्या समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार हातभर उघडं ठेवा.

दमट खोलीचा दुसरा फटका पुस्तकांना बसतो. पानं लाटांसारखी वळतात, पुठ्ठ्याचं कव्हर बाहेर वाकतं आणि पाऊस सुरू झाला की त्याच पुस्तकांना बुरशी धरते. पुस्तकांची चळत कूलरच्या झोतात कधीच नको. बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून वर ठेवा. पश्चिमेच्या भिंतीलाही नको. ती भिंत संध्याकाळी हात लावला तर चटका देते. नुसत्या डिंकावर चिकटवलेल्या जुन्या पुस्तकांचा कणा अशा उष्णतेने ठिसूळ होतो आणि पानं सुटी होऊन हातात येतात.

तयारी अशी:

- गवत मार्चमध्येच बदला. मे महिन्यात माणूस मिळत नाही आणि गवतही महाग होतं. बोअरचं पाणी खारं असेल तर गवतावर पांढरा थर बसतो व हवा अडते. असं गवत झटकून चालत नाही, बदलावंच लागतं.
- नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत कूलरच्या पाण्याचा हिशेब आधी करा. मोठा कूलर एका दुपारीत टाकी संपवू शकतो. तेवढं पाणी नसेल तर कूलर एक ते चार एवढाच चालवा आणि बाकी वेळ खिडकीला ओला पडदा लावा.
- टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी होऊ द्या. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.
- इन्व्हर्टरवर कूलर चालतो का, हे भर दुपारी वीज गेल्यावर नव्हे, आधीच बघून ठेवा.

गावाकडे धाब्याचं घर शिल्लक असेल आणि त्यात कुणी राहत असेल, तर हा सगळा खटाटोप सोडून सरळ तिकडे जा. मातीचं जाड छत आणि जाड भिंती दुपारी जो गारवा देतात, तो स्लॅबच्या घरात कूलर लावूनही येत नाही.

तपासा: कूलर लावून अर्ध्या तासाने वर्तमानपत्राचं एक पान खोलीत उभं धरा. कडक राहिलं तर ठीक. ओल्या रुमालासारखं लोंबलं तर खिडकी आणखी उघडा.

### ४. पुस्तकं: कमी आणि आधीच आणलेली

वाचनालयाचं काम सुट्टीच्या आधी उरका. जळगावचं व. वा. वाचनालय असो, धुळ्याचं गरुड वाचनालय असो की अमळनेरचं साने गुरुजी ग्रंथालय, परीक्षा संपल्या की पोरांची गर्दी होते आणि हवं ते पुस्तक बाहेर गेलेलं असतं. काउंटरवर मोकळेपणाने विचारा: "काका, हे जाडं आहे, मुदत वाढवून मिळेल ना?" आधी बोललेलं असलं की मधेच भर उन्हात पुस्तक बदलायला जावं लागत नाही.

किती आणायची? लोक वीस-पंचवीस पुस्तकांची यादी करतात आणि यादीकडे बघूनच दमतात. माझ्या मते एक जाडजूड, तीन-चार सडपातळ आणि एक आधी वाचलेलं, एवढं पुरे. आधी वाचलेलं वगळू नका. पहिल्या दिवशी तेच उघडायचं. नव्या पुस्तकात शिरायला जो जोर लागतो तो कामातून नुकत्याच बाहेर पडलेल्या डोक्यात नसतो. ओळखीच्या पुस्तकात आपण चालत आत जातो.

निवडताना दोन गोष्टी पाळा. सध्या तुम्ही ज्या प्रकारचं लिहीत आहात त्या प्रकारचं काही घेऊ नका. कादंबरी हातात असेल तर प्रवासवर्णनं, पत्रं, शेतीवरची किंवा पक्ष्यांवरची पुस्तकं वाचा. नाहीतर प्रत्येक पानावर तुलना सुरू होते. दुसरं, 'वाचायलाच हवं' म्हणून वर्षानुवर्षं राहिलेलं पुस्तक या दिवसांत आणू नका. त्याला हिवाळा बरा. संदर्भासाठी वाचायचं असेल तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहेच, पण ते काम आहे, सुट्टी नव्हे. पावसाळ्यात जा.

एक पुस्तक मोठ्याने वाचण्यासाठी ठेवा. बहिणाबाईंची गाणी घरात असतील तर तीच. असोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्या म्हणत गेल्या आणि पुस्तक छापलं गेलं १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. जे तोंडाने रचलं गेलं ते डोळ्यांनी वाचून निम्मंच कळतं. सकाळी, घर जागं व्हायच्या आत, दोन-तीन गाणी तोंडाने म्हणा. जळगावकडच्या बोलीतले शब्द अडले तर शब्दकोश काढू नका, घरातल्या आजीला विचारा.

सावधान: पन्नास पानांनंतरही पुस्तक ओढून न्यावं लागत असेल तर ठेवून द्या. सुट्टीतलं पुस्तक संपवण्याचं कुणावर बंधन नाही, आणि अर्धवट सोडल्याची टोचणी घेऊन दुसरं पुस्तक नीट वाचता येत नाही.

### ५. गाणी: प्रहर धरून, पार्श्वभूमीला नाही

सर्रास होणारी चूक म्हणजे वाचताना गाणी लावणं. त्यात दोन्ही वाया जातात. लिहिणाऱ्याचा कान शब्दांकडे धावतोच. गाण्याचे शब्द आणि पानावरचे शब्द एकमेकांत घुसतात. गाण्याला स्वतःची वेळ द्या, आणि खान्देशच्या मे महिन्यात ती वेळ म्हणजे दुपार. बारा ते चार डोळे उघडे ठेवणंच जड जातं, तेव्हा ते मिटून ऐकावं.

रागांची वेळ पाळून बघा. भर दुपारी वृंदावनी सारंग, दुपार कलताना भीमपलास, सूर्यास्ताच्या सुमारास मारवा किंवा पूरिया, दिवे लागल्यावर यमन, झोपायच्या आधी मालकंस. शास्त्रीय संगीतातलं काही कळत नसलं तरी चालतं. बाहेर रस्ता ओस पडलेला असताना सारंग ऐकला, तर तो दुपारचा का हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

क्रम असा: फरशी ओल्या फडक्याने पुसा, चटई टाका, उशी नको. एकच ध्वनिमुद्रण निवडा आणि संथ विलंबित ख्यालापासून जलद द्रुतापर्यंत पूर्ण ऐका. अर्धा-पाऊण तास जातो. पहिली दहा मिनिटं मन इकडे तिकडे पळतं. पळू द्या, पण ध्वनिमुद्रण बदलू नका. मधेच झोप लागली तर लागू द्या. उठल्यावर मात्र तेच पुन्हा सुरुवातीपासून लावा.

सगळं आधी उतरवून ठेवा. भर दुपारी नेटवर्क रडतं, आणि गाणं शोधायला फोन हातात घेतला की तासभर तो हातातच राहतो. जुना एमपी-थ्री प्लेअर, पेन-ड्राइव्ह लागणारा छोटा स्पीकर किंवा साधा रेडिओ असला तर उत्तम. रात्री दहाचं विविध भारतीवरचं 'छायागीत' अजूनही ऐकण्यासारखं असतं, आणि पुढचं गाणं आपण ठरवत नाही याचा एक वेगळाच आराम असतो. कॅसेटी किंवा तबकड्या काढणार असाल तर त्या खिडकीत, गाडीत, इन्व्हर्टरवर ठेवू नका. तबकडी उन्हाने वाकली की पुन्हा सरळ होत नाही.

आखाजीच्या दिवसांत गावी असाल तर झोक्यावरची गाणी कान देऊन ऐका. फोन पुढे करून रेकॉर्डिंग करू नका. बायका लाजून थांबतात किंवा मग फोनसाठी म्हणायला लागतात, आणि दोन्हीत गाणं जातं. फारच वाटलं तर गाणं संपल्यावर मावशींना विचारा, "पुन्हा एकदा म्हणाल का?" बहुतेक वेळा दहा आणखी निघतात.

### ६. सिनेमे: अंधार पडल्यावर, दिवसाआड

दुपारी सिनेमा लावू नका. डोळे उन्हाने शिणलेले असतात, पडद्यातून उजेड येतो आणि अर्ध्यावर झोप लागते. अर्धा पाहिलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी पुढे पाहिला जात नाही, हे प्रत्येकाला माहीत असतं. थिएटरला जायचं तर संध्याकाळचा खेळ धरा. एसीच्या मोहाने बाराचा खेळ गाठलात तर जातानाचं आणि येतानाचं ऊन अंगावर येतं.

गच्ची असेल तर तिचा उपयोग करा. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पण स्लॅब पुढे बराच वेळ तापलेला असतो. सात वाजता पाणी शिंपडा, पहिली वाफ जाऊ द्या, मग सतरंजी. आठ-साडेआठला पुरेसा अंधार होतो. छोट्या प्रोजेक्टरला पांढरी चादर चालते, फक्त चारही कोपरे ताणून बांधा. रात्री वारा सुटला की नट-नट्यांचे चेहरे हलायला लागतात. आवाज बेताचा ठेवा, शेजारच्या गच्चीवर माणसं झोपलेली असतात. त्यांनाही बोलवलंत तर आवाजाचा प्रश्न उरत नाही.

रोज सिनेमा नको, दिवसाआड एक. मधली रात्र मोकळी राहिली की आदल्या सिनेमातलं काही ना काही वर येतं. लागोपाठ पाहिले तर ते सगळे एकच होऊन जातात. सिनेमा संपल्यावर लगेच त्याच्याबद्दलचं काही वाचायचं नाही, समीक्षाही नाही. आधी तुमचं मत होऊ द्या.

पुस्तक आणि त्यावरचा सिनेमा अशी एक तरी जोडी ठेवा. आधी पुस्तक, मग चार-पाच दिवसांनी सिनेमा. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली 'श्यामची आई' आणि आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट ही जोडी आपल्या घरात सहज मिळते. पुस्तक बेचाळीस रात्रींत, म्हणजे तितक्या प्रकरणांत, वाटलेलं आहे. एका बैठकीत दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त वाचू नका. इतक्या सुट्या रात्रींतून अत्र्यांनी काय उचललं, काय गाळलं, कशाला कशाशी जोडलं, हे पुस्तक ताजं असताना नेमकं दिसतं. कथा रचणाऱ्याला याहून चांगली शिकवणी नाही. उलट क्रमाने गेलात तर पुस्तक वाचताना पडद्यावरचे चेहरेच दिसत राहतात.

### ७. दिवस असा लावा

- पहाट ते नऊ: वाचन. डोकं आणि हवा दोन्ही गार असतात. जाडं पुस्तक याच वेळेला.
- दहा ते बारा: घरातलं काम, अंघोळ, जेवण. जेवण हलकं: कळण्याची भाकरी, कांदा, ताक, कैरीचं पन्हं. झणझणीत शेवभाजी रात्रीसाठी राखून ठेवा. दुपारी खाल्लीत तर सारंगही घोरण्यातच जाईल.
- बारा ते चार: गाणी, झोप, पुन्हा गाणी. बाहेर पडायचं नाही.
- पाच ते सात: चहा, पाय मोकळे करणं, रसवंती, गप्पा. सडपातळ पुस्तक चाळायलाही ही वेळ बरी.
- आठनंतर: एक दिवस सिनेमा, एक दिवस रेडिओ किंवा काहीच नाही.

फोन एका ठरावीक जागी ठेवा, स्वयंपाकघरात असेल तर उत्तम. दिवसातून दोनदा बघा. अंथरुणात नेऊ नका. बाकी सगळे नियम पाळून हा एक मोडलात तरी बेत बुडतो.

सावधान: अगदीच बाहेर जावं लागलं तर डोक्याला रुमाल आणि पोटात पाणी. चक्कर, उलटी, अंग तापलेलं पण घाम नाही, बोलण्यात बरळ असं दिसलं तर थकवा म्हणून झोपवून ठेवू नका. सावलीत आणा, अंग ओलं करा आणि लगेच दवाखान्यात न्या.

### ८. लिहायचं नाही, पण चिठ्ठी टाका

चौथ्या-पाचव्या दिवशी हात शिवशिवतात. एखादं वाक्य सुचतं, एखादं पात्र बोलायला लागतं. इथं बहुतेक जण वही उघडतात आणि सुट्टी संपते. कारण वही उघडली की पुढचं पुस्तक 'यातलं मला काय वापरता येईल' या नजरेने वाचलं जातं, आणि ती नजर वर्षभर चालूच असते.

त्यासाठी एक पत्र्याचा डबा आणि कोऱ्या कागदाच्या लहान चिठ्ठ्या ठेवा. सुचलं ते चिठ्ठीवर, शिसपेन्सिलीने, जास्तीत जास्त एका ओळीत. पूर्ण वाक्य नको. 'बिबडे राखणारी म्हातारी, कावळ्याशी बोलते' एवढं बस. घडी करून डब्यात टाका, झाकण लावा. आदल्या चिठ्ठ्या उघडून वाचायच्या नाहीत. पुस्तकातलं वाक्य आवडलं तर ते उतरवूही नका, फक्त पान क्रमांक टाका.

तपासा: चिठ्ठी लिहायला बसून चिठ्ठीच्या दोन्ही बाजू भरल्या का? मग तुम्ही कामावर परतला आहात. उठा आणि माठातलं पाणी प्या.

### ९. आवरतं घेताना

शेवटचे दोन दिवस आवराआवरीचे. वाचनालयाची पुस्तकं परत करा. स्वतःची पुस्तकं सकाळच्या सावलीत, थेट उन्हात नव्हे, उभी करून पानं मोकळी होऊ द्या आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच कपाटात लावा. डांबर गोळ्या किंवा सुकवलेला कडुलिंबाचा पाला ठेवा. पावसाच्या पहिल्या दमट आठवड्यात हे करायला गेलात तर उशीर झालेला असतो. कूलरची टाकी रिकामी करून, गवत काढून, तो झाकून ठेवा.

डबा मात्र इतक्यात उघडू नका. पहिला बरा पाऊस होऊन कामाला लागलात की एका बैठकीत सगळ्या चिठ्ठ्या वाचा. बऱ्याच चिठ्ठ्यांचा अर्थही लागणार नाही. त्या फाडून टाका. ज्या वाचताक्षणी पुढचं वाक्य सुचतं त्या दोन-तीन बाजूला काढा, आणि उन्हाळ्याआधी कपाटात ठेवलेल्या लेखनात त्यातलं काही बसतं का ते बघा. बसत नसेल तर ओढून बसवू नका, नव्या कागदावर घ्या.